डेंबाची टोपी

"ए चवळीखाऊ, जिवंत आहेस की खपलीस?"

अंगणाच्या मातीच्या भिंतीपलीकडून हा पुकारा आला तेव्हा मी न्येलेबाईच्या चुलीपाशी बसून उकडलेल्या धानाचा दाणा दाताखाली फोडून बघत होतो. त्यांची भाषा मला तोवर कामापुरती कळायला लागली होती, आणि शिव्या काय, कुठल्याही भाषेतल्या सगळ्यात आधी कळतात. म्हटलं, झालं, आता इथं डोकी फुटणार. न्येले कुलिबाली म्हणजे साठीची, धिप्पाड, अख्ख्या गावात दरारा असलेली बाई. तिच्याच दारात तिला असं बोलणारा हा कोण शहाणा निघाला?

बाईनं मानसुद्धा वर केली नाही. चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाली, "गुलामानं मालकिणीच्या दारात ओरडू नये. वाकून आत ये. आणि गाई बाहेर बांध, माझ्या अंगणात शेण नको."

वाकून आत आला तो चाळिशीचा, चष्मा लावलेला माणूस. इस्त्रीचा शर्ट, पॉलिशचे बूट, हातात कातडी बॅग, आणि या सगळ्यावर गुराख्याची टोकदार गवती टोपी. गाई कुठंच नव्हत्या. अंगणात धान पाखडणाऱ्या दहा-बारा बाया फिदीफिदी हसायला लागल्या. माझ्या शेजारी न्येलेबाईची लेक सितान बसली होती, तिनं माझं तोंड बघितलं आणि तिलाही हसू आवरेना.

"घाबरू नका," ती मला कळेल असं सावकाश म्हणाली. "हा डेंबा सिदिबे. आमचा थट्टेचा नातलग."

आता थोडं मागचं सांगतो. मी सुखदेव कापगते, साकोलीकडचा, भंडारा जिल्ह्यातला. धान भरडायची यंत्रं बनवणाऱ्या तिकडच्या एका कारखान्यात मी फिटर होतो. आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या एका देशात मालकानं मला धाडलं होतं. देशाचं नाव सांगून उपयोग नाही, आपल्यातल्या निम्म्यांचं बोट नकाशावर शेजारच्याच देशात पडेल. मोठी नदी, नदीकाठी धान, आणि तामाबुगू नावाचं गाव, एवढं पुरे. तिथल्या बाया आपल्याकडच्या उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासारखाच तांदूळ करतात. धान भिजवायचं, उकडायचं, वाळवायचं आणि मग उखळात घालून कांडायचं. भिजवणं-उकडणं ठीक आहे, पण कांडणं जीव घेतं. पहाटेपासून गावभर मुसळांचा ठोका चाललेला असायचा. लेकुरवाळी असो, दिवस भरलेली असो, मुसळ काही सुटायचं नाही.

न्येलेबाईची थोरली लेक नवव्या महिन्यात कांडता कांडता खाली बसली ती उठलीच नाही. तेव्हापासून बाईनं एकच ध्यास घेतला, धाकटीच्या हाती मुसळ द्यायचं नाही. सितानला तिनं शिकवलं, मास्तरीण केलं. गावातल्या शाळेत पोरगी शिकवायला लागली. पण त्या देशाची तिजोरी म्हणजे बुडाला भोक पडलेला माठ होता. कर्जाचं व्याज भरता भरता सरकार टेकीला आलेलं, आणि मास्तरांचा पगार पाच-पाच महिने निघायचा नाही. सितान सकाळी शाळेत फळ्यावर अक्षरं काढायची आणि दुपारी, आईची नजर चुकवून, शेजारच्या अंगणात पैशासाठी कांडायची. आईला ते ठाऊक होतं. तिच्या हाताचे घट्टे बघून कोणालाही कळलं असतं. त्यात सितानला आता दिवस गेले होते, पाचवा महिना चालू होता.

म्हणून ही गिरणी. गावातल्या बायांनी पै-पै करून कितीतरी वर्षं पैसे साठवले होते. गिरणी बायांची, भरडाई बायांची, आणि हिशेब ठेवायला सितान, हे आधीच ठरलेलं. यंत्र राजधानीतल्या गोदामात खोक्यात येऊन पडलं होतं. किंमत आमच्या मालकानं डॉलरमध्ये लावलेली. बायांनी त्याचे तिथल्या चलनात, फ्रँकमध्ये पैसे भरले की खोकं सुटणार आणि मी ते इथं उभं करणार. न्येलेबाई मला रोज गिरणीसाठी राखलेल्या रिकाम्या जागेवर नेऊन उभं करायची आणि विचारायची, "पट्टा इकडून फिरेल की तिकडून?" मी सांगायचो. दुसऱ्या दिवशी परत तेच.

अडलं होतं ते एका किल्लीवर. पैशाची लोखंडी पेटी न्येलेबाईच्या खोलीत होती आणि तिला तीन कुलपं होती. एक किल्ली न्येलेबाईकडे, एक शेजारणीकडे, आणि तिसरी जेनेबा नावाच्या म्हाताऱ्या बाईकडे. जेनेबा लेकीच्या बाळंतपणाला नदीपलीकडे गेली होती. किल्ली दुसऱ्याच्या हाती पाठवायची नाही, हा त्यांचा पहिला नियम होता. मी एकदा म्हटलंही होतं, बाई, मी फिटर आहे, कुलूप काय दोन मिनिटांत काढून देतो. बाईनं माझ्याकडे असं बघितलं की मी हातोडी पिशवीत घातली.

"कुलूप चोर तोडतो," ती म्हणाली. "नाहीतर मेलेल्याचं तोडतात. जेनेबा चोर नाही, आणि मेलेलीही नाही. ती परत आली आणि तिनं तुटलेलं कुलूप बघितलं तर मी तिला काय सांगू?"

मग थांबलो. बारशाचं उरकून, लेकीचं अंग सुधारलं की जेनेबा पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत येणार होती. घाई कोणालाच नव्हती.

तर त्या दिवशी हा डेंबा आला. सिताननं मला सगळं समजावून सांगितलं. सिदिबे ही गुराख्यांची मंडळी, कुलिबाली शेतकऱ्यांची. दोघांचं नातं पिढ्यान् पिढ्या थट्टेचं. आपल्याकडे मांडवात विहिणी-विहिणींची चालते ना, तशीच, पण आपली मांडव उतरला की संपते, यांची जन्मभर. सिदिबेनं कुलिबालीला चवळीखाऊ म्हणायचं, चवळी खाल्ल्यावर पोट काय आवाज करतं ते तुम्ही समजून घ्या, आणि कुलिबालीनं सिदिबेला गुलाम म्हणायचं. या नात्यात राग धरायची सोय नाही. आणि मोठी गंमत म्हणजे, समोरचा जे बोलेल ते खरं मानायचं नाही. सिदिबे म्हणाला घराला आग लागली, तर कुलिबालीनं म्हणायचं, बरं झालं, तुझ्या गाई शेकतील.

"आणि खरंच आग लागली असेल तर?" मी विचारलं.

सितान म्हणाली, "त्यालाही रीत आहे. टोपी. सिदिबेनं डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर उलटी ठेवायची आणि स्वतः खाली मातीत बसायचं. मग तो बोलेल ते खरं. माझा बाप नदीत बुडाला त्या दिवशी हाच डेंबा धावत आला होता. तेव्हा तो विशीतला पोरगा. आईनं त्याला बघून शिवी घातली. त्यानं काही न बोलता टोपी काढली आणि खाली ठेवली. आई तिथंच मटकन बसली. त्यानं तोंड उघडायच्या आधीच तिला कळलं."

डेंबाची आई पलीकडच्या गुराखी-वस्तीत राहायची, आणि ती आजारी होती म्हणून तो आला होता. लहानपणी तो न्येलेबाईच्याच अंगणात जेवून मोठा झालेला. आता राजधानीत अर्थखात्यात मोठा साहेब होता, मंत्र्याच्या शेजारच्या खोलीत बसायचा म्हणे. पण गावात येताना टोपी तीच घालायचा. न्येलेबाईनं मला ओढून पुढं केलं. "हा पण कुलिबाली आहे. मी याला आमचं आडनाव दिलं."

डेंबानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अरेरे. चांगला माणूस वाया गेला. चवळीची सवय लागली की सुटत नाही हो."

मग जेवण झालं. भल्यामोठ्या टोपात भात आणि माशाचं कालवण, भोवती सगळे. न्येलेबाई त्याच्या पुढ्यात माशाचे काटे सारत होती, गुलामाला काटेच, म्हणून, आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून सगळ्यात मोठा तुकडाही त्याच्याच बाजूला सारत होती. दोघं इतके भांडले आणि इतके हसले की मला घरची आठवण झाली. आमच्याकडे माझ्या आईचं आणि मामाच्या व्याह्याचं असंच चालायचं.

हात धुताना डेंबानं सहज विचारलं, "तुमचं ते यंत्र कुठवर आलं? पैसे भरले ना?"

"जेनेबा आली की भरू."

"कधी येणार?"

"पुढच्या बाजाराला."

डेंबाचा हात तसाच ओला राहिला. मग तो हसला, जरा जास्तच मोठ्यानं.

"ऐका ग सगळ्या. मी तुमचा मालक आहे, हुकूम देतो. आजच पेटी फोडा. आत्ता. हा हिंदी माणूस माझ्याबरोबर उद्या राजधानीत येईल आणि पैसे भरून पावती घेईल. पुढच्या बाजारापर्यंत थांबाल तर तुमच्या नोटा निम्म्या होतील."

"निम्म्या कशानं होतील रे?" एक बाई म्हणाली. "उंदीर तर पेटीत शिरत नाही."

"उंदीर आम्हीच. आम्ही राजधानीत बसून खाणार."

हशा पिकला. न्येलेबाईनं मांडीवर थाप मारली. "बघा ग. गुराखी आईला बघायला आला नाही, आमच्या पेटीवर डोळा ठेवून आला. उद्या म्हणेल, पेटी माझ्या गाईच्या पाठीवर ठेवा."

"न्येले, मी खरं सांगतोय."

"सिदिबे खरं सांगतोय," तिनं सगळ्यांना ओरडून सांगितलं, आणि मग काय विचारता. एका बाईनं हसता हसता भोपळ्याचं भांडं बडवायला घेतलं. दुसरीनं त्यावर तिथल्या तिथं गाणं जुळवलं, खरं बोलणाऱ्या गुराख्याला शिंगं फुटली अशा अर्थाचं. डेंबा माझ्याकडे वळला. "ए कुलिबाली, तू तरी सांग या बायांना."

मी म्हटलं, "तुझ्या दोन गाई विकून तूच भर की पैसे." माझं उत्तर ऐकून बाया खूश झाल्या, माणूस तयार झाला म्हणाल्या.

तेव्हा डेंबानं टोपी काढली.

दोन्ही हातांत धरून ती गुडघ्यांपाशी आणली आणि तसाच उभा राहिला. कपाळावर टोपीचा वळ उठला होता. त्यानं एकदा बायांकडे बघितलं. त्यांच्यात गावच्या मुखियाची बायको होती. मग माझ्याकडे बघितलं, परदेशी कारखान्याच्या माणसाकडे. सितान हसायची थांबली होती. न्येलेबाईचं तोंड अजून हसतच होतं, पण ती त्या टोपीकडे टक लावून बघत होती, एवढं मला आठवतं.

डेंबानं टोपीनं तोंडावर दोनदा वारा घेतला आणि ती परत डोक्यावर ठेवली.

"ऊन फार आहे," तो म्हणाला.

जानेवारी होता. वाळवंटाकडून कोरडा गार वारा सुटलेला, बाया दुपारीही अंगावर फडकी ओढून बसायच्या. पण साहेब लोकांना ऊन लागतं, असं म्हणून मी सोडून दिलं. न्येलेबाईचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. तिनं उठून त्याच्या आईसाठी तांदळाचं गाठोडं बांधलं आणि त्याच्या डोक्यावर आपटलं. "जा आता. आणि पुढच्या वेळी नीट खोटं बोलायला शिकून ये."

फाटकाशी जाऊन त्यानं परत एकदा चवळीखाऊ म्हटलं. आवाज नेहमीसारखा नव्हता. मला वाटलं, आईच्या काळजीनं असेल.

बाजाराच्या आधी दोन दिवस असतील, संध्याकाळी सितान रेडिओ घेऊन अंगणात आली. तिचा चेहरा उतरलेला. आदल्या आठवड्यापर्यंत मंत्री रेडिओवर शपथा वाहून सांगत होते की आपल्या फ्रँकला धक्का लागणार नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका. आता तोच आवाज सांगत होता की फ्रँकचं मोल आजपासून निम्मं केलं आहे. कर्ज देणाऱ्यांनी अट घातली होती, देशाच्या भल्याचंच आहे, थोडी कळ सोसा. बाया नुसत्या बघत होत्या. न्येलेबाईनं विचारलं, "म्हणजे काय?"

सितानला सांगता येईना. शेवटी ते माझ्याच वाट्याला आलं. मी म्हटलं, "बाई, पेटीतल्या नोटा तेवढ्याच आहेत. पण काल त्यात अख्खं यंत्र येत होतं, आज अर्धं येतं."

"अर्धं यंत्र," ती म्हणाली. "पट्ट्याकडचं की चाकाकडचं?"

कोणी हसलं नाही. तिला थट्टा करायची नव्हती, तिला खरंच विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेनेबा आली. होडीतून उतरली तीच हसत, डोक्यावर कोलाच्या बियांची टोपली, बारशाला त्या सुपारीसारख्या वाटतात, किल्ली कंबरेच्या गाठीत. नातीचं नाव न्येलेच ठेवलं म्हणून सांगायला ती घाट चढून धावत आली. न्येलेबाईनं तिला जवळ घेतलं, बी खाल्ली, बाळाला आशीर्वाद दिला. मग तिघींनी तीन किल्ल्या लावल्या आणि पेटी उघडली. नोटा नीट गठ्ठ्यांनी बांधून ठेवलेल्या होत्या. न्येलेबाईनं एक गठ्ठा उचलून हातात तोलला आणि परत ठेवला. जेनेबाला कोणी एका शब्दानं काही म्हटलं नाही. आपल्या किल्लीपायी यंत्र गेलं हे म्हातारीलाच पुढे कोणाकडून तरी कळलं, आणि मग ती घराबाहेर पडेनाशी झाली.

मी राजधानीत जाऊन मालकाला फोन लावला. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. मालक म्हणाला, "कापगते, मी काय धर्मादाय काढलाय? भाव डॉलरचा होता, डॉलरचाच राहील." त्याचंही चूक म्हणता येत नव्हतं. आठवड्याभरात यंत्र एका हाजी व्यापाऱ्यानं घेतलं. त्याच्याकडे डॉलर होते. असल्या लोकांकडे असतातच.

आणि हाजीनं ते कुठं बसवलं म्हणता? तामाबुगूतच. बाहेरचा तांदूळ दुपटीनं महागला होता, त्यामुळे गावच्या तांदळाला मागणी आली. राजधानीतले साहेब पेपरात लिहायला लागले की बघा, निर्णय किती बरोबर होता, शेतकऱ्याचं भलं झालं. मागणी आली, खरंच आली. पण मुसळानं कांडून शहराचं पोट भरत नाही. बायांना धान तसंच कच्चं हाजीला विकावं लागलं, तो म्हणेल त्या भावानं, कारण तेल, औषध, मीठ, सगळंच महागलं होतं. पेटीतले पैसे घरोघरी वाटले गेले आणि उन्हाळा लागायच्या आत खाऊन संपले. शेड मीच उभी केली, पट्टा मीच चढवला. मी नोकर माणूस. न्येलेबाईनं जी जागा मला रोज दाखवली होती तिथून ती शेड शंभर पावलांवर असेल नसेल.

सरकारनं मास्तरांची छाटणी केली, तीही त्याच अटींमधली एक. शाळेला टाळं लागलं. सितान पोटुशी असताना घरोघरी कांडायला जाऊ लागली, आता उघड, आईच्या डोळ्यांसमोर. पोर जगलं, नाही असं नाही. पण सितान खंगली. मग मायलेकी दोघी हाजीच्या शेडच्या दाराशी कोंडा पाखडायला बसायला लागल्या. कोंड्यात तुटका तांदूळ निघतो, तो पाखडून घ्यायचा, अर्धा हाजीचा, अर्धा आपला. न्येलेबाईचा गावातला दरारा कुठं गेला मला कळलं नाही. माणसं तिच्याशी तसंच अदबीनं बोलायची, ती मात्र कोणाशी फारशी बोलेनाशी झाली.

मी गिरणी चालवणारी माणसं तयार करायला आणखी काही महिने राहिलो होतो. ऐन उन्हाळ्यात डेंबाची आई वारली आणि चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तो गावात आला. मी पट्ट्याला तेल देत होतो. दाराबाहेरून तीच हाक आली.

"ए चवळीखाऊ, जिवंत आहेस की खपलीस?"

न्येलेबाईनं सूप खाली ठेवलं. उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश उठली. बसायचं आपलं लाकडी स्टूल अंगावरच्या फडक्यानं पुसून तिनं त्याच्यापुढं केलं.

"या साहेब," ती म्हणाली. "बसा. आई गेल्याचं ऐकलं, फार वाईट झालं. प्रवास ठीक झाला ना? सितान, साहेबांना पाणी दे."

डेंबा उभाच राहिला. हसायला गेला पण ते जमलं नाही. "न्येले, काय हे? मी गुलाम ना तुझा?"

"असं कसं साहेब. आपण मोठी माणसं."

"शिवी दे मला."

"आपल्याला कशाला कोण शिवी देईल?"

सितान पाणी घेऊन आली. पाठीला पोर बांधलेलं, हात कोपरापर्यंत कोंड्यानं माखलेले. डेंबानं ते हात बघितले. मग त्याच्या तोंडून भडाभडा सगळं बाहेर पडलं, माझ्यादेखत, गिरणीच्या आवाजात. "मला माहीत होतं. आमच्या खात्यात चार-पाच जणांनाच माहीत होतं. शपथ घेतली होती आम्ही. कोणाला सांगितलं असतं तर तुरुंग होता, बायकापोरं रस्त्यावर आली असती. मी तुला सांगितलं होतं, न्येले. पेटी फोड म्हणून सांगितलं होतं. दहा माणसांत सांगितलं होतं."

"हो साहेब. थट्टेत सांगितलं होतं."

"त्याहून जास्त कसं सांगणार होतो मी?"

"बरोबर आहे. माणसानं नोकरी सांभाळावी." ती हे कुजकटपणे बोलली असती तर बरं झालं असतं. ती ते सरळ बोलली, गावातली बाई सरकारी साहेबाशी बोलते तसं. "मी त्या दिवशी बघितली होती टोपी. मनात म्हटलं, बाई, आता ही खाली ठेवतोय. जेनेबाचं कुलूप मी माझ्या हातानं तोडलं असतं, साहेब. मग आपण म्हणालात, ऊन आहे."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, उलटी करून जमिनीवर ठेवली, आणि इस्त्रीच्या पँटीनिशी समोर कोंड्यात बसला.

"न्येले, आज मी थट्टा करत नाही," तो म्हणाला. त्याचा चष्मा ओला झाला होता.

मी पट्ट्यावरचा हात काढून घेतला. सितान तोंड फिरवून उभी राहिली. न्येलेबाईनं बराच वेळ त्या टोपीकडे बघितलं. मग ती वाकली, टोपी उचलली, तिच्यावरचा कोंडा फुंकरीनं उडवला, आणि पाहुण्याला द्यावी तशी दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली.

"घाला, साहेब," ती म्हणाली. "ऊन फार आहे."

त्यानं ती घेतली. ती परत खाली बसली, सूप मांडीवर ओढलं आणि पाखडायला लागली.